कळ दाबली एक, उमटलं भलतंच

वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरचा कीबोर्ड, टचपॅड आणि बाकीची मंडळी

राम राम मंडळी. लिनक्सवर कीबोर्ड कसा सेट करायचा ह्याच्यावर धुळ्या-जळगावकडून एवढे प्रश्न येऊन पडलेत की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बहुतेकांकडं उबुंटू नाहीतर मिंट हे लिनक्सचे प्रकार आहेत, त्यामुळं उत्तरं त्याच हिशोबानं दिलीयत. कमांड इथं देवनागरीत छापल्यात, टर्मिनलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

प्रश्न : उबुंटू २४.०४ टाकलं. मराठी कीबोर्ड जोडायला गेलो तर मराठी इनस्क्रिप्ट, मराठी कागप, एम१७एन, आयट्रान्स, गमभन असं काय काय ऐकायला मिळतंय. एक मित्र म्हणतो आयबस टाकावंच लागतं, दुसरा म्हणतो काही टाकायचं नाही. नेमकं कोणतं घेऊ? पुढं टायपिंगची परीक्षा पण द्यायचीय.
– कॉलेजचा विद्यार्थी, फैजपूर

उत्तर : दोन्ही मित्र बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. कीबोर्डला मराठी-इंग्रजी काही समजत नाही, तो फक्त अमुक नंबरची कळ दाबली एवढंच कळवतो. इंग्रजी के ची कळ दाबली की कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, ३७ नंबर वर जातो, बस, त्याचा संबंध तिथं संपला. मग ह्या ३७ चं के करायचं की क करायचं हे एक्सकेबी नावाचा सिस्टिममधला भाग ठरवतो, त्याच्याकडं प्रत्येक भाषेचा एकेक तक्ता आहे, त्यालाच आपण लेआउट म्हणतो. इथं कळ दाबली की अक्षर उमटलं, मधे कोणी नाही. मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी कागप हे दोन्ही ह्याच जातीचे, आणि ते सिस्टिमबरोबरच येतात, म्हणून दुसरा मित्र म्हणतो काही टाकायचं नाही.

पहिला मित्र बोलतोय ते इनपुट मेथडबद्दल. त्यात तू इंग्रजी अक्षरांत शब्द ठोकत जातोस आणि मधे बसलेलं आयबस ती अक्षरं गोळा करून त्यांचं मराठी करून पुढं पाठवतं. आयट्रान्स, गमभन हे त्यातले प्रकार. त्यासाठी आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज टाकायचं, एकदा लॉगआउट करून परत आत यायचं (हे लोक करत नाहीत आणि मग 'यादीत दिसतच नाही' म्हणून बसतात), आणि सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस इथं अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून मराठी शोधायचं. नाही दिसलं तर यादीच्या तळाला तीन टिंबं आहेत त्यांच्यावर दाब, बाकीच्या भाषा तिथं दडवून ठेवल्यात.

आता कोणतं घेऊ. माझं सरळ मत आहे की इनस्क्रिप्ट शिक. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली तो ठरवला, १९९१ च्या आयएस १३१९४ ह्या भारतीय मानकात तो आला, आणि विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स कुठंही जा, के वर क आणि शिफ्ट-के वर खच असतो. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळं दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि वेग आपोआप येतो. गुजरातीचा इनस्क्रिप्टसुद्धा तोच, त्यामुळं नवापूरकडच्या ज्या लोकांना दोन्ही भाषांत बिलं करावी लागतात त्यांना बोटं परत शिकवायला लागत नाहीत. पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड होते ते मान्य. तेवढं सोसवत नसेल तर आयट्रान्स चालेल, पण त्यात ण-न, ळ-ल ला सारखं शिफ्ट आठवत बसावं लागतं आणि दोन ओळींपलीकडं लिहायचं असलं की कंटाळा येतो.

परीक्षेचं मात्र वेगळं बघ. जीसीसी-टीबीसी ह्या सरकारी कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेला बसायचं असेल तर आधी क्लासवाल्यांना विचार की परीक्षेच्या मशीनवर रेमिंग्टन मिळणार का इनस्क्रिप्ट, आणि जो मिळणार असेल तोच घरी लाव, माझं मत तेव्हा बाजूला ठेव. रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरचा लेआउट, एम१७एनच्या यादीत हिंदीखाली तो सापडतो. आणि क्लासमधली कृतिदेव किंवा श्रीलिपीतली फाइल पेनड्राइव्हवर आणून उबुंटूत उघडलीस तर सगळा कचरा दिसणार, तेव्हा कीबोर्डला दोष देऊ नको. त्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठीचे कपडे चढवतो. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आपला ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीत, कन्व्हर्ट करावी लागते.

प्रश्न : भो, कालदिन मराठी टाकं आनी आते मना लॅपटॉप पासवर्डच ली नही राहिना. काय करू?
– मोबाइल दुकानदार, धुळे

उत्तर : टेन्शन लेवानं नही भाऊ, पासवर्ड तोच आहे. लॉगिनच्या पडद्यावर मराठी लेआउट चालू राहिलाय, तुम्ही इंग्रजी पासवर्ड टाकताय आणि आत देवनागरी जातंय, वर ठिपके दिसतात म्हणून कळत नाही. वरच्या कोपऱ्यात भाषेची दोन-तीन अक्षरं दिसतील तिथं क्लिक करून इंग्रजी घ्या, किंवा सुपर म्हणजे विंडोजच्या खुणेची कळ आणि स्पेस एकत्र दाबा. पासवर्डच्या खान्यात डोळ्याचं चित्र असलं तर ते दाबून काय उमटतंय ते एकदा बघून घ्या.

आत गेल्यावर इनपुट सोर्सेसमध्ये इंग्रजी ओढून सगळ्यात वर ठेवा, मराठी दुसरं. हे फक्त पासवर्डपुरतं नाही बरं का. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही मराठी लेआउट चालू असतानाही चालतात त्याचं कारण असं की प्रोग्रॅम यादीतला इंग्रजी लेआउट बघून 'हा सी दाबतोय' असं ओळखतात. इंग्रजी यादीतून काढूनच टाकलं की कंट्रोल-सी चं कंट्रोल-म होतं आणि कॉपी होत नाही. आणि तिथंच खाली 'प्रत्येक खिडकीसाठी वेगळा सोर्स' असा पर्याय आहे तो निवडला तर रायटरमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी आपापलं लक्षात राहतं, सारखं बदलत बसावं लागत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. लग्नातली आणि जात्यावरची अहिराणी गाणी म्हाताऱ्या बायकांकडून लिहून घेतेय. इनस्क्रिप्ट येतो, पण 'काय करी ऱ्हायना' मधला ऱ्ह काही केल्या जमत नाही, र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. क्ष आणि ज्ञ च्या कळाही सापडत नाहीत. 'ॲ' पण हवाय.
– अमळनेर

उत्तर : ताई, काम फार मोलाचं करताय, आणि बरं झालं युनिकोडमध्ये करताय. तुमच्या ऱ्ह चं असं आहे की साधा र घेऊन त्याला हलन्त लावला की कॉम्प्युटर रफारच करणार, त्याची चूक नाही. आपल्याला हवा तो आडवा र, तो वेगळ्या र पासून बनतो. शिफ्ट-जे दाबा, खाली टिंब असलेला ऱ येईल. मग डी म्हणजे हलन्त, मग यू म्हणजे ह. ऱ्ह तयार. पूर्ण 'ऱ्हायना' म्हणजे शिफ्ट-जे, डी, यू, ई, तिरपी रेघ, व्ही, ई. तिरप्या रेघेच्या कळीवर य आहे हे तुम्हाला माहीतच असेल. सातपुड्याच्या 'दऱ्या' लिहायच्या तर ओ, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई. मधे स्क्रीनवर टिंबवाला ऱ दिसला की घाबरून खोडू नका, पुढचं अक्षर आलं की तो आपोआप आडवा होतो.

क्ष आणि ज्ञ ची तक्रार बरीच जण करतात. छापील इनस्क्रिप्टच्या चित्रात शिफ्ट-५ वर ज्ञ, शिफ्ट-६ वर त्र, शिफ्ट-७ वर क्ष दाखवलेला असतो. पण एक्सकेबी एका दाबाला एकच युनिकोड अक्षर देतं, आणि क्ष हे आपल्याला एक दिसत असलं तरी आत क, हलन्त, ष असं तिघांचं बनलेलं आहे, म्हणून ते तिथं मिळत नाही. तुटक तुटक टाइप करा, के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम झाला क्ष. पी, डी, शिफ्ट आणि उजवा चौकोनी कंस झाला ज्ञ. एल, डी, जे झाला त्र. एकाच दाबात पाहिजे असेल तर वरच्या उत्तरातलं एम१७एन टाका आणि त्यातला इनस्क्रिप्ट घ्या, इनपुट मेथड एका कळीला तीन अक्षरंही देऊ शकते. मी मात्र तुटकच टाइप करतो, मशीन बदललं तरी अडत नाही.

ॲ चा इतिहास जरा गमतीचा आहे. हिंदीवाले ए वर चंद्र देतात, आपण अ वर देतो, आणि आपला हा ॲ युनिकोडमध्ये आला तो थेट २००८ साली, ५.१ आवृत्तीत. जुन्या लेआउटमध्ये शिफ्ट-१ वर हिंदीवाला ऍ आहे. तुम्ही यादीतून 'मराठी, सुधारित इनस्क्रिप्ट' असं नाव असलेला घ्या, नुसता हिंदी किंवा इंडियन घेऊ नका. घेतल्यावर त्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर दाबून 'कीबोर्ड लेआउट बघा' म्हटलं की पूर्ण चित्र उघडतं, ते एकदा प्रिंट काढून भिंतीला चिकटवून ठेवा. आणि अगदीच अडलं तर लिबर ऑफिसमध्ये इंग्रजी लेआउटवर ०९७२ असे इंग्रजी आकडे टाइप करून आल्ट-एक्स दाबा, ॲ होतो. बाकी कॅमेऱ्यातला चंद्र शिफ्ट-२ वर, ऑफिसमधला ऑ शिफ्ट आणि उलट्या तिरप्या रेघेवर, आणि ळ शिफ्ट-एन वर. बोलीत आपण केळाचं केय करून मोकळे होतो पण गाणी देणाऱ्या सगळ्याच काही य म्हणणाऱ्या नसतील, ज्या जशा म्हणतील तसंच ठेवा.

प्रश्न : डाळ मिलच्या हिशोबाला लिनक्स मिंट लावलंय. रोज सकाळी नमलॉक बंद असतो, रुपयाचं चिन्ह कुठं ते सापडत नाही, आणि मराठीत पार्टीचं नाव टाकून रक्कम टाकली की आकडे देवनागरी येतात, मग शीटमध्ये बेरीजच होत नाही.
– जळगाव एमआयडीसी

उत्तर : तिन्ही सोपे आहेत भाऊ. नमलॉकसाठी आधी नमलॉकएक्स हे छोटं पॅकेज टाका, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉगिन विंडो उघडून त्यातल्या सेटिंग्जच्या पानावर 'ॲक्टिव्हेट नमलॉक' चालू करा. पॅकेज नसलं की ते बटण नुसतं फिकट दिसतं. केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना हे कीबोर्डच्या सेटिंगमध्येच सापडेल.

₹ साठी इंग्रजीचा लेआउट बदला. यूएस काढून 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' असा घ्या, बाकी सगळं तसंच राहतं, फक्त उजवा आल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं. चिन्ह २०१० साली ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही गेलं, तरी अजून लोक 'आर एस' टाइप करतात.

आकड्यांचं असं की मराठी लेआउटमध्ये वरच्या ओळीतले आकडे देवनागरीच येतात, पण उजवीकडच्या नंबरपॅडवरचे आकडे इंग्रजीच राहतात. रक्कम नंबरपॅडवरून टाकायची सवय लावली की प्रश्नच मिटला, तशीही मुनीमजींची बोटं तिथंच पळतात. नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड हिशोबाच्या टेबलावर ठेवूच नका, दिसायला छान असतो तेवढाच.

प्रश्न : लॅपटॉपची पी ची कळ मेली. इंटरनेटवर बघून सेटएक्सकेबीमॅप, एक्समॉडमॅप सगळं करून पाहिलं, कॅप्सलॉकवर पी आणायचा होता. काही वेळा झालं, काही वेळा नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर गेलंच. पी गेला म्हणजे मराठीत ज पण गेला, जळगावसुद्धा लिहिता येत नाही!
– केळीचा व्यापारी, चोपडा

उत्तर : इंटरनेटवर जे सापडतं त्यातलं बरंच जुन्या काळचं आहे, आणि खाली काय चालू आहे ते न बघता लोक ते डकवत जातात. टर्मिनलमध्ये इको, मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत एक्सडीजी, सेशन, टाइप असे तीन शब्द मधे खालच्या रेघा देऊन लिहा. उत्तर एक्स११ आलं का वेलँड ते बघा. टर्मिनल नको असेल तर सेटिंग्जमधल्या अबाउटच्या पानावर सिस्टिम डिटेल्समध्ये 'विंडोइंग सिस्टिम' असं लिहिलेलं असतं.

एक्स११ म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी, १९८७ पासून चालत आलेली व्यवस्था. तिथं सेटएक्सकेबीमॅप आणि एक्समॉडमॅप चालतात, पण तेवढ्यापुरतेच. यूएसबी कीबोर्ड काढून परत लावला, डेस्कटॉपनं आपली सेटिंग परत लावली, की तुमचं केलेलं पुसलं. वेलँड त्याच कामाचं पण नंतरचं, २००८ साली सुरू झालेलं, आणि तिथं कीबोर्ड डेस्कटॉपच्याच ताब्यात असतो. सेटएक्सकेबीमॅप तिथं फक्त जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमवर चालतो, बाकीच्यांना पत्ताच लागत नाही, म्हणून तुम्हाला 'काही वेळा झालं' असं वाटलं. मिंटच्या सिनॅमन ह्या डेस्कटॉपमध्ये नेहमीचं सेशन अजून एक्स११ चं आहे, उबुंटूत आता वेलँड. फेडोरा ह्या दुसऱ्या लिनक्सनं तर २०१६ मध्येच वेलँडवर उडी मारली.

काहीजण एक्सकेबीच्या मूळ फाइलीतच खाडाखोड करायला सांगतात, ते ऐकू नका, पहिल्याच अपडेटला फाइल नवी येते आणि सगळं पाण्यात.

आधी कळ खरंच मेलीय का ते बघा. सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं) 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा आणि पुढं 'शो-कीकोड्स' हा पर्याय द्या. त्याशिवाय कळींच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात, कारण कोणी पासवर्ड वाचू नये. कमांड सापडली नाही तर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका. पी दाबल्यावर ओळच येत नसेल तर खाली धूळ आहे किंवा कळ गेली, तिथं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडं धुळीचं काय होतं ते सांगायला नको, आधी मशीन बंद करून हवेचा फवारा मारून बघा.

मेलीच असेल तर कीडी नावाचा प्रोग्रॅम टाका. तो लेआउटच्याही खाली बसतो, कर्नलकडून कळ येते तिथंच अदलाबदल करतो, त्यामुळं एक्स११ असो वेलँड असो त्याला फरक पडत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे कॅप्सलॉकला पी केला की इंग्रजीत पी आणि मराठीत ज दोन्ही एकाच वेळी मिळतात, कारण वरच्या तक्त्याला वाटतं खरोखरची पी चीच कळ दाबली. ईटीसी फोल्डरात कीडी नावाचं फोल्डर, त्यात डीफॉल्ट डॉट कॉन्फ नावाची फाइल. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात आयडीज, दुसरीत नुसती चांदणी म्हणजे सगळे कीबोर्ड, तिसरीत चौकोनी कंसात मेन, चौथीत कॅप्सलॉक बरोबर पी. मग सिस्टिमसीटीएल ह्या कमांडनं कीडीची सर्व्हिस चालू करायची. काही चुकीचं लिहून कीबोर्डच अडकला तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर तिन्ही एकदम दाबा, कीडी बंद पडतो आणि कीबोर्ड मूळपदावर येतो. हे तिन्ही कुठं तरी लिहून ठेवा, गरज लागेल तेव्हा आठवत नाही. आणि हो, हे सगळं तात्पुरतं आहे, हंगाम संपला की कीबोर्ड बदलून घ्या.

प्रश्न : टचपॅडवर बोट टेकवून क्लिक होत नाही, खालचं बटण जोरात दाबावं लागतं. दुसरं म्हणजे टाइप करताना तळहात लागून कर्सर कुठल्या कुठं जातो. 'टाइप करताना टचपॅड बंद' हे चालूच आहे, तरी होतं. मी लॅपटॉपला वेगळा यूएसबी कीबोर्ड लावते.
– ग्रामपंचायतीतली ऑपरेटर, शिरपूर तालुका

उत्तर : पहिल्याचं उत्तर एका बटणाचं. सेटिंग्जमध्ये माउस अँड टचपॅड, तिथं 'टॅप टू क्लिक' चालू करा. हे बिघाड नाहीये, टचपॅड सांभाळणारं लिबइनपुट मुद्दामच ते बंद ठेवून येतं, कारण ज्यांना टॅप ठाऊक नसतं त्यांच्याकडून नकळत क्लिक होत राहतात. उबुंटू-मिंटवाले बऱ्याचदा चालू करून देतात, काही डिस्ट्रो देत नाहीत.

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. टाइप करताना टचपॅड बंद ठेवायचं काम लिबइनपुट लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डपुरतंच करतं. बाहेरून यूएसबीनं लावलेला कीबोर्ड कुठं ठेवलाय ते त्याला माहीत नसतं, तो टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतो, म्हणून त्यावर टाइप केलं तरी आतला टचपॅड जागाच राहतो. तुम्ही माउस लावत असाल तर 'बाहेरचा माउस असताना टचपॅड बंद' असा पर्याय मिंटमध्ये आहे, तो लावा, विषय संपला. माउस नसेल तर लॅपटॉप जरा मागं सरकवून ठेवणं एवढाच उपाय मला दिसतो. जुन्या लेखांमध्ये सिनक्लायंट नावाची कमांड सापडेल, ती सिनॅप्टिक्स ह्या जुन्या ड्रायव्हरची होती, लिबइनपुटवर तिचा काही उपयोग नाही.

प्रश्न : वडिलांचा हात थरथरतो. एक अक्षर दाबलं की दोन-तीनदा उमटतं, पासवर्ड तर कधीच नीट जात नाही. त्यांना रोज नातवंडांना ईमेल लिहायची असते, माझ्यावर अवलंबून राहायला आवडत नाही.
– नंदुरबार

उत्तर : ह्याच्यासाठी सोयी आहेत आणि चांगल्या आहेत, फक्त लोकांना माहीत नसतात. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्यात टायपिंग. तिथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नीट ओळखून लावायला लागतात. एक म्हणजे कळ दाबून धरली गेल्यावर तेच अक्षर सरसर येत जाणं. त्याला 'रिपीट कीज' म्हणतात, ते सरळ बंद करा किंवा सुरू व्हायच्या आधीचा वेळ भरपूर वाढवा. दुसरं म्हणजे बोट थरथरून तीच कळ खरोखर दोनदा दाबली जाणं, त्याला 'बाउन्स कीज'. हे चालू केलं की एकदा दाबल्यानंतर ठरावीक वेळेच्या आत तीच कळ परत दाबली गेली तर ती धरलीच जात नाही. वेळ थोडी ठेवून सुरू करा, वडिलांना शेजारी बसवून त्यांच्याकडून नाव टाइप करून घ्या, अजून डबल येत असेल तर थोडी वाढवा. फार वाढवली तर 'ननंद' सारख्या शब्दात खरोखर लागोपाठ दोनदा दाबायची न ची कळ दुसऱ्यांदा गिळली जाते, तेव्हा तिथं थांबा.

बोट चुकून शेजारच्या कळीला लागत असेल तर 'स्लो कीज' आहे, कळ थोडा वेळ दाबून धरली तरच ती मानायची. पण बाउन्स आणि स्लो दोन्ही एकदम लावू नका, कशानं काय होतंय तेच कळत नाही. शिफ्ट धरून दुसरी कळ दाबणं जमत नसेल तर 'स्टिकी कीज', शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षराला लागू होते. आणि मराठी इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, ळ सगळी शिफ्टवर असल्यामुळं आपल्याला ही सोय इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त लागते.

एक सांगून ठेवतो. तिथंच 'कीबोर्डवरून चालू करा' असा एक पर्याय असतो. तो चालू असला तर शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर स्टिकी आणि शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवल्यावर स्लो कीज आपोआप लागतात. ज्यांचा हात शिफ्टवर विसावतो त्यांच्या बाबतीत हे हमखास होतं आणि मग कीबोर्ड मेला म्हणून दुकानात नेतात. तुमचं सगळं मनासारखं बसलं की तो पर्याय बंद करून टाका. पॉइंटर हरवत असेल तर त्याच ॲक्सेसिबिलिटीमध्ये त्याचा आकार मोठा करता येतो आणि कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरभोवती वर्तुळ दाखवायचीही सोय आहे, डबलक्लिकचा वेळही वाढवता येतो. पासवर्डसाठी लांबलचक पण एकेरी अक्षरांचा, शिफ्ट न लागणारा शब्द ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन शिकवणीसाठी पेन-टॅबलेट घेतला. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की पेन दोन्ही पडद्यांवर ताणून पसरतं, वर्तुळ काढलं तर अंडं होतं.
– गणिताचे शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : सर, टॅबलेट दोन्ही पडदे मिळून एकच लांब पडदा धरतोय. त्याला एका पडद्याला बांधायचं. गनोम ह्या डेस्कटॉपमध्ये टॅबलेट जोडलेला असतानाच त्याचं पान सेटिंग्जमध्ये दिसतं, तिथं मॉनिटरला जोडायचा पर्याय आहे, लिहिता तो पडदा निवडा. केडीईत ड्रॉइंग टॅबलेटच्या पानावर तेच. पडद्याची आणि टॅबलेटची लांबी-रुंदी एका प्रमाणात नसली तर प्रमाण राखायचा पर्यायही तिथंच बघा, टॅबलेटचा थोडा कडेचा भाग वाया जातो पण वर्तुळ गोल येतं. वॅकॉम कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळं वेबसाइटवरून काही उतरवायची गरज नाही. दुसऱ्या कंपनीचा असून सेटिंग्जमध्ये त्याचं पानच उघडत नसेल तर ओपनटॅबलेटड्रायव्हर करून बघा, पण आधी त्यांच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते पाहा. एक्ससेटवॅकॉम नावाची कमांड कोणी सुचवली तर ती फक्त एक्स११ वर चालते, वेलँडवर नाही. डावखुरे असाल तर त्याच पानावर डाव्या हाताचा पर्याय आहे, टॅबलेट उलटा फिरवून वापरता येतो.